शिओमोरीचं पाच वाजताचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि मला माझ्याच तोंडाची किळस आली आहे.

शिओमोरीच्या बंदरावर, मासळी उतरवायच्या शेडमागे एक लोखंडी खांब आहे. त्याच्या टोकाला दोन भोंगे आहेत. एकाचं तोंड घरांकडे आहे, दुसरा मी. माझ्या नरड्यात गांधीलमाश्यांनी दोनदा पोळं केलं. समुद्रपक्षी डोक्यावर बसून जे करायचं ते करतात, ते उन्हात वाळतं आणि पावसात माझ्या ओठांवरून ओघळतं. खाली माकुळं साफ करतात, त्यांच्या आतड्यांच्या बादल्या दुपारभर तशाच उघड्या असतात. या कशाचंच मला काही वाटत नाही. मला ओकारी येते ती रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या तोंडातून जे बाहेर पडतं त्याची. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा म्हातारा उगीच करवादतोय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवून, ठोकून, राखाडी रंग मारून मला खोक्यात घातलं. मला आणलं ते खरं तर संकटासाठी. समुद्र खवळला, जमीन हलली, कुठे आग लागली की मी ओरडायचं. पण संकट काही रोज येत नाही, आणि महिनोन् महिने गप्प बसलेला भोंगा ऐन वेळी बोलेल याची खात्री काय? म्हणून तो चालू आहे ना हे रोज तपासायचं, आणि तपासताना गावाला नुसती खरखर ऐकवण्यापेक्षा गाणं ऐकवायचं, अशी आमच्याकडची रीत. शिओमोरीत ते गाणं म्हणजे गावगीत. रोज पाचला. पोरांनी खेळ थांबवायचा, बायकांनी वाळत घातलेली माकुळं आत घ्यायची, बांधावर बसलेल्या पुरुषांनी उठायचं.

तुम्हाला वाटेल गावगीत म्हणजे छाती फुगवून म्हणायचं काहीतरी असेल. आमचं तसलं नव्हतं. तीन वाड्या मिळून शिओमोरी गाव झालं तेव्हा कचेरीने गाणी मागवली. साठ-सत्तर आली म्हणे, सगळ्यांत सूर्योदय आणि गरुड. निवडलं गेलं ते मासळीबाजारात वजन करणाऱ्या इवामुरो नावाच्या माणसाचं. दिवसाकाठी वीस शब्द बोलणारा माणूस, त्यातले पंधरा आकडे. त्याने लिहिलं होतं:

मासळीचा वास अंगाला, मिठाची पुटं दाराला,
वारा खारट, आम्ही खारट, लाजायचं कशाला?
दिवस कलला शिओमोरीत, ये रे घरी, ये रे.

शाळेच्या मास्तरांनी पेटीवर चाल बसवली. मग दोन-चार शहाण्यांनी नाक मुरडलं. वासाचं ठीक आहे, म्हणाले, पण सरकारी गाण्यात अरे-तुरे? आमच्या देशात, मित्रांनो, माणसाला नुसतं 'ये' म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर जाणं. तिथे 'यावे', 'येण्याची कृपा व्हावी', 'आल्यास बरे होईल' अशा पायऱ्या असतात. आणि इवामुरोने तर आमच्या बंदरावरच्या अडाणी बोलीतलं 'ये रे' जसंच्या तसं ठेवलं होतं. त्या दिवशी तो वीसपेक्षा जास्त शब्द बोलला. म्हणाला, "माझी आई अशीच हाक मारायची. 'कृपया परतावे' म्हणाली असती, तर मी अजून पाण्यातच असतो." सगळे हसले आणि 'ये रे' राहिलं.

गाण्याची तबकडी झाली ती गाव झाल्याच्या पुढच्या वर्षी. गावातल्या आठ मुलींनी ते धक्क्यावर उभं राहून म्हटलं. शेवटच्या ओळीपर्यंत सात जणींचा दम गेला आणि 'ये रे' एकट्या मित्सुएने म्हटलं. ती एकोणीस वर्षांची होती, माकुळं चिरायचं काम करायची, आणि तिचा आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. धारदार होता. समोरच्या होडीवर बसून एक तरुण ऐकत होता, त्याचं नाव तोमेकिची. दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. पुढे मी खांबावर चढलो तेव्हा तबकडीवरून फीत उतरवली होती आणि ती रोज माझ्यातून वाजायची. गावाने ती गोष्ट कधी सोडली नाही. पाच वाजून 'ये रे' आलं की होड्यांवरून ओरडायचे, "तोमेकिची, वहिनी बोलावतायत. निघा आता, नाहीतर जेवण नाही." तोही न लाजता जाळं गुंडाळायचा आणि निघायचा. अशी चाळीस वर्षं गेली. लोक माझ्या खांबाला टेकून घड्याळं लावायचे. मला कोणी शाबासकी दिली नाही आणि मला ती हवीही नव्हती.

मग एके वर्षी चार गावं मिळून एक शहर करायचं ठरलं. त्या शहराचं नाव ठेवलं होहोएमी. होहोएमी म्हणजे मंद हसू. शी! माणसाने शहराला नदीचं नाव द्यावं, टेकडीचं द्यावं, एखाद्या चिखलाचं दिलं तरी चालेल. हसू कसलं? जुनी चार नावं पुसली आणि त्यांच्यावर हे हसू चिकटवलं. कचेरीच्या नोकरांच्या कोटावर हसऱ्या तोंडाचे बिल्ले आले. शिओमोरीची कचेरी आता 'शाखा' झाली आणि माझी दोरी गेली चाळीस किलोमीटर दूरच्या मुख्य कचेरीत.

नव्या शहराला नवं गीत हवं. एकवीस जणांची समिती बसली. ते काम कसं चाललं ते शाखेतले लोक खांबाखाली डबा खाताना एकमेकांना सांगायचे. समितीत सगळे अतिशय सभ्य. कोणाचं मन दुखवायचं नाही हा पहिला नियम. चारपैकी दोन गावांना समुद्र नाही, तेव्हा समुद्र काढा. एका गावाला डोंगर नाही, तेव्हा डोंगर काढा. भात एकाकडे पिकतो, सफरचंदं दुसऱ्याकडे, दोन्ही काढा. वास तर कोणालाच नको. काढता काढता उरलं काय, तर आकाश, हसू आणि उद्या. आकाश तेवढं सगळ्यांना सारखं आहे म्हणे. मग बाहेरच्या एका नामांकित माणसाने त्या तीन शब्दांचं गाणं बनवून दिलं. पुढे कळलं की याच चालीवर त्याने आणखी दोन शहरांना गाणी विकली आहेत. ऐका:

हसूया, चालूया, उद्याच्या दिशेने,
एकच आकाश, एकच हसू, मनामनाने.
होहोएमी, होहोएमी, परतूया आनंदाने.

'ये रे'चं काय झालं, असं आमच्या एका माणसाने समितीत विचारलं होतं. त्यावर उत्तर मिळालं की शहराने नागरिकांना आज्ञा करणं योग्य दिसत नाही. म्हणून 'परतूया'. मित्रांनो, 'परतूया' म्हणणारा कोण आहे? तो कुठून परततोय? त्याच्या अंगाला कशाचा वास येतो? कोणालाच माहीत नाही. हे गाणं पहिल्यांदा माझ्या नरड्यातून गेलं तेव्हा मला कोणीतरी आधीच चघळलेली गोळी तोंडात कोंबल्यासारखं झालं. आणि ते संपता संपत नाही. दोन कडवी, मध्ये बासरी, वर घंटा.

लोकांना सवय होते. पोरांना तर काय, आठवड्यात झाली. फक्त एका माणसाला झाली नाही.

तोमेकिची तोवर पंचाहत्तरी ओलांडून गेला होता आणि त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत होतं. समुद्रावर जाणं बंद झालं होतं, पण रोज दुपारी तो लाटा अडवायच्या बांधावर जाऊन बसायचा आणि हातात जाळं नसतानाही जाळं शिवायचा. मुलाचं नाव विसरला. स्वतःचं घर कोणत्या गल्लीत ते विसरला. पण पाचला फीत वाजली, 'ये रे' आलं, की उठायचा, काल्पनिक जाळं गुंडाळायचा आणि थेट घरी. पाय बरोबर वळायचे. मित्सुए आजी दारात उभी असायची, पण आणायला तिला कधी जावं लागलं नव्हतं. बाकी सगळं त्याच्या डोक्यातून गळून गेलं तरी हे राहिलं होतं. आणि नेमकं तेच या हसऱ्या मंडळींनी काढून घेतलं.

'परतूया आनंदाने' पहिल्यांदा वाजलं त्या संध्याकाळी तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजी बांधावर जाऊन त्याला घेऊन येऊ लागली. तिचे गुडघे गेलेले, बांधाचे दगड शेवाळाने बुळबुळीत. एकदा पडली, मनगटाला पट्टी आली. तरी रोज जायची. तो कधी निमूट यायचा, कधी म्हणायचा, "तुम्ही कोण? माझी बायको हाक मारेल तेव्हाच मी निघणार." तिच्या समोर, तिलाच. हे मी वरून ऐकलं आहे. मला तेव्हा उलट्या दिशेला तोंड करावंसं वाटलं.

ती इच्छा लवकरच पुरी झाली, ती कशी ते ऐका. आजी शाखेत गेली. तिथले प्रमुख होरिकोमे साहेब, पन्नाशीचे, याच गावचे. पोरवयात माझंच गाणं ऐकून घरी पळालेले. आजीने सांगितलं, जुनी फीत दिवसातून एकदा, फक्त शेवटची ओळ वाजवली तरी पुरे. साहेबांनी मान तुकवून तुकवून ऐकलं. विसर्जित गावाचं गीत शहराच्या यंत्रणेवरून वाजवता येत नाही असा नियम होता, पण तसं तोंडावर म्हणणं उद्धट दिसलं असतं. म्हणून ते म्हणाले, "सकारात्मक विचार करतो." आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो. आजीला तो अर्थ कळला आणि तिनेही मान तुकवून आभार मानले.

साहेबांनी तरीही एक कागद वर पाठवला. वाईट माणूस नव्हे तो. पण मुख्य कचेरीच्या छापील कागदावर फक्त एकच रकाना होता: 'पाच वाजताच्या प्रसारणाबाबत तक्रार.' भोंग्याबद्दल तक्रार म्हणजे आवाजाचीच, हे तिथे सगळ्यांना पाठ. बाळं झोपत नाहीत, कुत्री रडतात, कोणाला डुलकी लागत नाही. तेव्हा तक्रारीवर ठरलेला उपाय झाला. दोन माणसं शिडी घेऊन आली, खांबाखालीच कोट झटकून, टोपी काढून आजीसमोर कमरेत वाकली. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा असावी," म्हणाली. मग वर चढून माझा आवाज दोन घरं खाली केला आणि बांधाकडे असलेलं माझं तोंड फिरवून डोंगराकडे केलं. जिथे कोणी राहत नाही. आजी खाली उभी राहून बघत होती. तिने काय म्हणावं? एवढ्या नम्रपणे वाकलेल्या माणसांना काही म्हणताही येत नाही. मला त्यांच्या त्या वाकण्याची शिसारी आली. शिवी देऊन गेले असते तर बरं वाटलं असतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. पहिल्या बर्फाचा महिना. चारनंतरच उजेड मरायला लागतो. आजी बांधावर गेली तर तिथे तोमेकिची नव्हता. होड्यांच्या आड नव्हता, शेडमध्ये नव्हता. ती शाखेत धावली, धावली म्हणजे तिच्याने जेवढं धाववलं तेवढं. होरिकोमे साहेबांनी पोलिसांना कळवलं, गावच्या आग विझवणाऱ्या पथकातली माणसं गोळा केली आणि हरवलेल्या माणसाची घोषणा करायची व्यवस्था केली. अशा वेळी आवाज पुरा सोडतात. मजकूर यंत्रात टाकायचा आणि यंत्रातली बाई तो वाचते. तिचं बोलणं राजधानीचं, इस्त्री केलेलं.

"होहोएमी शहराकडून विनंती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ दुपारपासून दिसत नाहीत. उंची एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. अंगात गडद निळा कोट, डोक्याला पांढरा पंचा. कोणास आढळल्यास कृपया कळवावे."

माणसं धक्क्याकडे पांगली. सगळ्यांच्या मनात एकच, म्हातारा पाण्यात गेला असणार. बॅटऱ्या घेऊन ते पाण्यात प्रकाश टाकत होते. पण माझं तोंड डोंगराकडे होतं ना, म्हणून मला ते दिसलं जे खाली कोणाला दिसलं नाही. बर्फ अडवायच्या कुंपणामागे, देवळाच्या पायऱ्यांपाशी तोमेकिची उभा होता आणि माझ्याकडे कान देऊन ऐकत होता. शब्द न् शब्द नीट ऐकला. एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस हरवलाय. त्याने डोक्याचा पंचा सोडून घट्ट बांधला.

तुम्हाला सांगायचं राहिलं, तो तीस वर्षं त्याच पथकाचा म्होरक्या होता. कोणी हरवलं की पहिला बाहेर पडणारा हा. तर तो निघाला. त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला शोधायला. देवदारांतून वर जाणारी वाट धरली आणि हाका मारू लागला, "ओ आजोबा, कुठे आहात? घाबरू नका, आम्ही आलोय." जितकी आमची बाई नम्रपणे विनंती करत होती तितका तो भराभर वर चढत होता. बर्फ पडायला लागलं होतं. वर खोल ओढा आहे, त्याच्या काठाला कठडा नाही. मला दिसत होतं सगळं, पण भोंग्याला स्वतःचं म्हणून काही बोलता येत नाही. दुसऱ्याने तोंडात घातलेलं तेवढंच बाहेर काढायचं.

आणि मग पाच वाजले. ते गाणं आपोआप सुरू होतं, दोरी चाळीस किलोमीटरवर, इथून कोणाला बंद करता येत नाही. खाली माणसं पाण्यात बांबू घालून प्रेत चाचपडतायत, आजी शाखेच्या दारात भिंतीला धरून उभी आहे, वर तो चढतोय, आणि मी पुऱ्या आवाजात गातोय, हसूया, चालूया, उद्याच्या दिशेने. घंटा, बासरी, दुसरं कडवं. पथकातल्या एकाने माझ्या खांबाला लाथ घातली. मला ती लाथ आवडली. आणखी चार हव्या होत्या.

गाणं संपलं तेव्हा माझ्यात कसलीतरी खरखर आली. शाखेतला माइक कोणीतरी चालू केला होता. आधी होरिकोमे साहेबांचा आवाज आला, हळू, माइक चालू आहे हे कळत असूनही न कळल्यासारखा.

"आजी, हे नियमात बसत नाही."

"मला नियमात काही म्हणायचं नाही. मला त्यांना हाक मारायचीय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि साहेब म्हणाले, "मी चहाची किटली ठेवून येतो. तिकडे पाणी तापायला फार वेळ लागतो."

दार ओढलं गेलं आणि माझ्या नरड्यात मित्सुए आली.

मित्रांनो, तो आवाज फितीवरचा नव्हता. बहात्तर वर्षांची, धापा टाकणारी बाई. पहिली ओळ चुकली. खोकली. पुन्हा धरली, मासळीचा वास अंगाला. 'लाजायचं कशाला'पाशी सूर फाटला. पण 'ये रे'ला ती पोहोचली तेव्हा धार होती. सगळी गेली नव्हती. माझा पत्रा थरथरला. धक्क्यावरची माणसं जागच्या जागी थांबली.

वर देवदारांत तोमेकिचीही थांबला. पण वळला नाही. तो गोंधळला होता. एकीकडे कामगिरी, एकीकडे हाक. तिने दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा अर्ध्यात दम संपला आणि गाणं तुटलं. मग तिने गाणं सोडून दिलं. जन्मभर नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई, चार माणसांत त्याचं नावसुद्धा न घेणारी, साऱ्या गावाच्या छपरांवरून ओरडली, "तोमे! ये रे घरी!"

तो वळला. बडबडत, पाय आपटत, ओल्या बर्फावरून घसरत खाली आला. अर्धा तास लागला असेल. तेवढा वेळ नुसता तिचा श्वास माझ्यातून सगळ्या बंदरावर ऐकू येत होता.

'आला' अशी ओरड ऐकून ती माझ्या खांबाखाली आली तेव्हा तो समोरून येत होता. भुवया बर्फाने पांढऱ्या, चेहरा रागाने लाल. म्हणाला, "मध्येच कशाला बोलावलंस? तो म्हातारा अजून सापडला नाही."

आजीने त्याच्या कोटावरचं बर्फ झटकलं.

"सापडेल," ती म्हणाली. "आधी जेवून घे. मिसोचं सार निवतंय."

"एवढ्या थंडीत? मरेल तो."

तेव्हा पथकातला एक जण पुढे झाला. ज्याने मला लाथ मारली होती तोच, नाव कुमेगावा. तोमेकिचीच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः साठीचा. त्याने टाचा जुळवून पूर्वी म्होरक्याला करायचे तसा सलाम केला आणि म्हणाला, "तोमेकिची काका, ती जबाबदारी आमची. आम्ही बघतो त्यांच्याकडे. तुम्ही घरी जा." तोमेकिचीने त्याला दोन सूचना दिल्या, ओढ्याच्या काठाने जपून जा म्हणाला, आणि बायकोच्या मागे निघाला. ते गल्लीत वळेपर्यंत सगळे सलाम करून उभे होते.

इथे थांबलो असतो तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण मी पुढचंही पाहिलं आहे.

आठवड्याने शहराच्या पत्रिकेत बातमी आली: 'गाण्याने घडवली भेट, होहोएमीचं हसू.' फोटोत आजीच्या हातात हसऱ्या तोंडाचं बाहुलं दिलेलं. बातमीत गाणं कोणतं ते लिहिलंच नव्हतं, तेव्हा वाचणाऱ्यांना वाटलं नवंच. होरिकोमे साहेबांकडून यंत्रणेच्या विनापरवाना वापराबद्दल माफीनामा लिहून घेतला आणि त्यांना आतल्या भागातल्या एका गोदामवजा कचेरीत पाठवलं. माइकवर कुलपाची पेटी बसवली. किल्ली मुख्य कचेरीत. जुनी फीत 'स्मृतिकक्षात' काचेखाली ठेवली आहे, शेजारी पाटी आहे, कृपया हात लावू नये. हे सगळं इतक्या सभ्यपणे झालं की कोणालाच राग आला नाही. मला या सभ्यपणाचाच वीट आला आहे. त्याला कसलाही वास नाही.

आजी मात्र त्या दिवसापासून बदलली. ती आता अर्ज करत नाही. रोज पाचला दहा मिनिटं कमी असताना काठी टेकत माझ्या खांबाखाली येते, बांधाकडे तोंड करते आणि स्वतःच्या गळ्याने हाक मारते. "तोमे! ये रे!" भोंगा नाही, फीत नाही. त्याआधी येऊन उपयोग नाही, त्याचे पाय पाचच्या सुमारासच जागे होतात. वारा पडलेला असला आणि त्याच्या डोक्यात त्या दिवशी थोडी जागा असली, की तो ऐकतो, उठतो. पण त्याला उठायला वेळ लागतो. हाक दोनदा, तीनदा पोहोचावी लागते. आणि तेवढ्यात पाच वाजतात. तिची तिसरी हाक तोंडातून निघते न निघते तोच माझ्यातून घंटा सुटतात, हसूया, चालूया, आणि ती हाक बुडते. अर्धा उठलेला तोमेकिची पुन्हा खाली बसतो आणि जाळं शिवायला लागतो. रोज. तिला बुडवणारा मी आहे, दुसरं कोणी नाही. ती तेव्हा वर बघते. चिडत नाही. गाणं संपेपर्यंत थांबते आणि मग बांधाच्या त्या बुळबुळीत दगडांवरून त्याला आणायला जाते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने भोंगे गोष्टीच्या शेवटी हात जोडतात, की आम्हाला विसरू नका, तेलपाणी करा, रंग द्या. मला यातलं काही नको. ऐकतो आहे की पुढच्या वर्षी घरोघरी सूचना ऐकवणारी छोटी यंत्रं येणार आहेत आणि आम्हाला उतरवायचं की ठेवायचं यावर समिती सकारात्मक विचार करते आहे. त्या समितीत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर त्याला सांगा, आणि वाकून, नम्रपणे सांगू नका. शिडी आणा आणि मला उतरवा. पुढच्या वर्षी नको, याच आठवड्यात या. तारा तोडून टाका, भंगारात घाला, कसलाही समारंभ करू नका. खाली एक बाई नवऱ्याला हाक मारते आहे, तिला पाच मिनिटं शांतता हवी आहे.